सर्क्युलेशन सब: बॉल सोडण्याआधी आणि सोडल्यावर

कोथरूडला माझ्याकडे पेट्रोलियम इंजिनिअरिंगची मुलं शंका विचारायला येतात. गणितं त्यांची पक्की असतात, पण रिगवर सर्क्युलेशन सब (ड्रिल पाइपच्या ओळीत बसणारा, बाजूला उघडणारी भोकं असलेला छोटा तुकडा) समोर आला की कशाला आधी हात घालायचा, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून हे लिहितोय.

मुंबई हायच्या चुनखडीत मड, म्हणजे ड्रिलिंगचं चिखलासारखं द्रव, खडकात निघून जाणं नवं नाही. भेगा बुजवायला अक्रोडाच्या टरफलांचा चुरा, अभ्रक, तंतू असा भरड माल पाठवावा लागतो. तो बिटच्या (खडक कापणाऱ्या टोकाच्या) नोझलमधून किंवा एमडब्ल्यूडीमधून (ड्रिलिंग चालू असताना मापं घेणाऱ्या उपकरणातून) घालवायला गेलात तर तिथेच तुंबतो. सब या दोघांच्या वर बसतो. वरून सोडलेला बॉल सीटवर बसला की पंपाच्या दाबाने स्लीव्ह (आतली सरकती नळी) सरकते, बाजूची पोर्ट्स (भोकं) उघडतात आणि मड थेट ॲन्युलसमध्ये, म्हणजे पाइप आणि भोकाची भिंत यांच्यामधल्या पोकळीत, जातो.

भोक साफ करायलाही हाच सब कामी येतो. ॲन्युलसमधल्या मडचा वेग असा काढा: 24.5 गुणिले मिनिटाचे गॅलन, भागिले भोक आणि पाइप यांच्या इंचांतल्या व्यासांच्या वर्गांची वजाबाकी. साडेआठ इंची भोकात 5 इंची पाइप असेल तर 400 गॅलनला मडचा वेग मिनिटाला 207 फूट येतो, 600 ला 311. बिट आणि त्याला फिरवणाऱ्या मोटरमधला दाबाचा खर्च वाचल्यामुळेच हा जादा पंप परवडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं: सब खाली जाण्याआधी बॉल स्वतः मोजा. बोहरी आळीत मिळणारा साधा व्हर्नियरही चालेल, पण मोजमाप तुमच्या हाताने झालेलं हवं. बॉल सबच्या वरच्या प्रत्येक तुकड्यातून सुटला पाहिजे. 5 इंची पाइपच्या टूल जॉइंटचं (जोडाचं) भोक पुष्कळदा पावणेतीन इंचच असतं. जार (अडकलेला पाइप ठोके देऊन सोडवणारं टूल), क्रॉसओव्हर (वेगवेगळ्या आट्यांचे तुकडे जोडणारा सब), सगळ्यांची आतली मापं टॅलीत (पाइप-तुकड्यांच्या यादीत) लिहा. फ्लोट व्हॉल्व्ह (मड पाइपमध्ये उलटा येऊ न देणारी झडप) सबच्या खाली आहे ना, हे बघा. बॉल सोडताना पाइपच्या तोंडाशी जाळी राहिली असेल तर बॉल तिथेच अडकेल. चेपलेला किंवा उन्हात पडून राहिलेला मऊ बॉल घेऊ नका.

सोडण्याआधी दोन-तीन वेगवेगळ्या रेटला पंप प्रेशर नोंदवून ठेवा. ही नोंद नसेल तर पोर्ट उघडली की नाही, यावर नंतर नुसते वाद होतात.

मग वेळ काढा. 3000 मीटर पाइपमध्ये साधारण 175 बॅरल मड मावतो. मिनिटाला 150 गॅलनने हे 49 मिनिटांचं काम. उभ्या विहिरीत बॉल मडच्या पुढे धावतो, म्हणून बऱ्याच आधीपासून गेजवर नजर ठेवा आणि पंप हळू करा. बॉल सीटवर आदळता कामा नये. आडव्या भागात मात्र त्याला पंपानेच ढकलावं लागतं. दाब चढून एकदम पडला, आणि आधीच्याच रेटला नोंदीपेक्षा कमी दिसला, की पोर्ट उघडली समजा.

उघडल्यावर ड्रिलिंग करू नका, मोटरला प्रवाह मिळत नसतो. पाइप वर-खाली हलता ठेवा. एकाच जागी थांबलात तर पोर्टमधली धार भोकाची भिंत खाते आणि खालचे कॉलर (जाड, जड पाइप) कटिंग्जमध्ये (खडकाच्या चुऱ्यात) रुततात. ॲन्युलसमधली पातळी सतत बघा. ती उतरली तर तळावरचा दाब कमी होतो आणि गॅस आत यायला वाट मिळते.

बंद करायची पद्धत प्रत्येक टूलची वेगळी, तेव्हा मॅन्युअल वाचाच. काहींमध्ये स्टीलचे छोटे बॉल बाजूची पोर्ट्स बुजवतात, दाब वाढतो, आधी सोडलेला मऊ बॉल सीटमधून पिळून खाली जातो आणि स्प्रिंग स्लीव्हला परत वर ढकलते. हे सगळे बॉल खालच्या कॅचरमध्ये साठतात. कॅचर भरला की ती फेरी संपली, म्हणून प्रत्येक बॉलची नोंद ड्रिलरच्या वहीत करा आणि शिफ्ट बदलताना तोंडीही सांगा. टूल बाहेर आलं की कॅचर उघडून बॉल मोजा आणि वहीतल्या आकड्याशी ताडून बघा.