पुण्यात कॉट बेसिसवर खोली घेताना

सदाशिव किंवा नारायण पेठेत कॉटचं, म्हणजे इतरांसोबतच्या खोलीतल्या एका पलंगाचं, भाडं परवडतंय म्हणून लगेच टोकन देऊ नका. वीजबिल, पाणी, वाय-फाय यांपैकी भाड्यात काय धरलंय ते आधी विचारा. सबमीटर (खोलीपुरता वेगळा वीजमीटर) असेल तर युनिटचा दर ठरवा आणि पहिल्या दिवशीच्या रीडिंगचा फोटो काढून ठेवा. खोली एकदा रात्री आठनंतर बघा. जिन्यात दिवा लागतो का, नळाला पाणी आहे का, हे तेव्हाच कळतं.

बाथरूममध्ये गॅस गीझर दिसला तर नीट बघा. सिलिंडर बाहेर असला तरी ज्योत आतच जळते. हवा खेळती नसेल तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, चक्कर येऊन माणूस तिथंच पडतो. झरोकाच नसेल किंवा थंडी लागते म्हणून त्यावर पुठ्ठा ठोकलेला असेल, तर ती खोली सोडा, कितीही स्वस्त असली तरी.

लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे खोली भाड्यानं राहायला देण्याचा करार, नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्रात ती जबाबदारी घरमालकाची असते. डिपॉझिट रोख देऊ नका. नोटीस किती दिवसांची, रंगकामाचे किती कापणार, हे करारातच लिहून घ्या.