तांत्रिक गटात वेडगळ विनोद करायचा तर

गंभीर तांत्रिक गटात खुळचट विनोदाला जागा असावी का? इंटरनेटचे नियम ठरवणारी पत्रकं (आरएफसी) लिहिणाऱ्यांनी ती केव्हाच दिलीय. 1 एप्रिल 1990 च्या आरएफसी 1149 मध्ये कबुतराच्या पायाला कागद गुंडाळून आयपी पॅकेट (इंटरनेटवरून जाणारा माहितीचा तुकडा) पाठवायची रीत आहे. 2001 साली नॉर्वेतल्या बर्गनमध्ये ती खरोखर करून पाहिली: 9 पॅकेटं सुटली, 4 उत्तरं आली. पत्रकाची भाषा शेवटपर्यंत सरकारी, म्हणून ते आजही वाचलं जातं.

कृती तीच. एक अशक्य गोष्ट गृहीत धरायची, बाकी हिशोब चोख ठेवायचा. गोव्याच्या गटासाठी पोदेर, म्हणजे दारोदार पाव विकणारा, घ्या. पाटीत पावांखाली 128 जीबीचं कार्ड, पोदेर अर्ध्या तासात दारात. एका बाइटात 8 बिट, तेव्हा 128 गुणिले 8 म्हणजे 1024 गिगाबिट, भागिले 1800 सेकंद. वेग सेकंदाला साधारण 570 मेगाबिट. तुमचं उत्तर मात्र तो संध्याकाळच्या फेरीला नेणार, म्हणजे पिंग (उत्तर परत यायला लागणारा वेळ) दहाएक तास. पावसात पाटीवरचं निळं प्लास्टिक हे एन्कॅप्सुलेशन (पॅकेटावरचं वेष्टन), वाड्यावरची कुत्री म्हणजे पॅकेट लॉस (वाटेत हरवलेली पॅकेटं). 8 ने गुणायला विसरलात तर 71 येतं, आणि मग कुणी हसत नाही, सगळे चूक काढत बसतात.

खरा क्रमांक किंवा खरा पोर्ट (नेटवर्क सेवेचा ठरलेला क्रमांक) विनोदात अडकवू नका. 1998 च्या चहाच्या किटलीच्या थट्टेतला 418 हा वेब सर्व्हरच्या उत्तराचा कोड लोकांनी इतक्या ठिकाणी खरोखर वापरला, की 2022 च्या आरएफसी 9110 ला तो ‘न वापरलेला’ म्हणून राखून ठेवावा लागला.

वेळ सांभाळा. जूनमध्ये वीज कडाडली, कुणाचा राउटर गेला आणि त्याने गटात विचारलं, तर आधी उत्तर: प्लग आणि केबल दोन्ही काढा, दुसरा अडॅप्टर लावून बघा. व्होल्ट राउटरखालच्या स्टिकरवर असतील तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, पिनची धन-ऋण बाजू जुळली पाहिजे. ‘तांदळात ठेव’ ही थट्टा राउटरचा दिवा लागल्यावर. उलट क्रमाने केलंत तर तो माणूस पुन्हा विचारायला येत नाही.

चालणारी कमांड थट्टेत कधीच नको. ‘आरएम -आरएफ’ ही न विचारता सगळं पुसणारी कमांड रूटवर, म्हणजे ‘/’ या सगळ्यात वरच्या फोल्डरवर, चालवली तर लिनक्सवर सहसा असणारी जीएनयूची आवृत्ती आता आपणहून नकार देते, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. पण त्या तिरक्या रेघेनंतर तारा (*) लावली की शेल (कमांड वाचणारा प्रोग्राम) आधीच सगळ्या फोल्डरांची नावं उलगडून देतं, मग ते कुलूप लागत नाही. शेजारच्या स्मायलीचाही भरवसा नाही. कॉपी करताना ती मागेच राहते. कमांड हवीच असेल तर न चालणारी लिहा, ‘पाव --गरम’ सारखी.

व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर 15 मिनिटंच दुरुस्त करता येतो, तेव्हा टाकल्यावर फोन लगेच खिशात घालू नका. कुणी खरं समजून विचारलं तर सरळ सांगा, ताणू नका. आणि कुणी पुसणारी कमांड चालवलीच असेल तर त्याला मशीन तडक बंद करायला सांगा: पुसलेल्या फायलींच्या जागी नवं लिहिलं जाईपर्यंतच त्या परत मिळण्याची आशा असते, एसएसडीवर तीही थोडीच.