गाळाचे थर वाचताना या चुका टाळा

पुण्याच्या पोरांची पहिली चूक सिंहगडावरच होते. कड्यातल्या आडव्या पायऱ्या दिसल्या की कुणीतरी विचारतंच, "सर, समुद्र किती वेळा आत आला हो?" अरे, हा बसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्ह्याचे थर. समुद्राचा गाळ बघायला कच्छला चला.

तिथे गेल्यावर मला सगळ्यात जास्त छळते ती दुसरी चूक: जाड थर म्हणजे जास्त काळ, पातळ म्हणजे कमी. एकदा भुजजवळच्या नाल्यात एक हुशार गडी दोन तासांत सगळा लॉग, म्हणजे थरांची क्रमवार नोंद, उरकून आला. वहीत धोसा ऊलाइटचा, म्हणजे बारीक गोल दाण्यांच्या खडकाचा, पत्ताच नाही! का, तर "पातळसा कडक थर होता सर, वरच्या शेलमध्येच धरला." शेल म्हणजे चिखलाचा खडक. भर दुपारी त्याला परत घेऊन गेलो आणि भिंग देऊन तिथे बसवला. गंजाच्या रंगाचे बारीक गोल दाणे, अमोनाइट या नामशेष सागरी प्राण्याच्या शंखांचे तुकडे, वरच्या अंगाला झिजलेले गोटे. सुमारे सोळा कोटी वर्षांपूर्वीचा, जेमतेम काही मीटरचा हा थर, पण त्यात फार मोठा काळ दडलाय, वर मध्येच खंड, म्हणजे नोंदच नसलेला काळही आहे. समुद्र चढतो तेव्हा नद्यांची वाळू किनाऱ्याजवळच अडकते, आतल्या तळाला गाळ मिळतच नाही. लाखो वर्षांत हातभरसुद्धा साचत नाही. म्हणून अशा कडक पट्टीपाशी मी आधी बूड टेकतो, मग पेन काढतो. दोन तासांत लॉग उरकणाऱ्यांचं मला कौतुक नाही.

तिसरी: एक थर म्हणजे सगळीकडे एकच वय. किनाऱ्यावर वाळू पडत असते तेव्हाच पुढे खोल पाण्यात चिखल बसत असतो. समुद्र आत सरकला की तोच चिखल वाळूवर चढतो. जर्मन भूवैज्ञानिक वाल्थरने हे 1894 मध्येच सांगून ठेवलंय, मात्र मध्ये खंड असेल तर हा नियम लावू नका.

खाली चिखल, वर वाळू दिसली की "समुद्र उतरला" लिहून मोकळे होऊ नका. गोदावरीने गाळ ओतून किनारा पुढे ढकललाय, त्यासाठी समुद्राला उतरावं लागलं नाही. जमीन खचली तरी समुद्र चढल्यासारखाच दिसतो.

लॉग खालून वर लिहा.

आणि शेल की सिल्ट (चिखलापेक्षा भरड, वाळूपेक्षा बारीक गाळ), हे नुसतं बघून ठरवू नका. मी कणभर दाताखाली धरतो. करकरलं तर सिल्ट. पोरं तोंडं वाकडी करतात, आणि संध्याकाळी जेवताना सगळ्यांच्या वहीत वेगवेगळं नाव असतं.