तलावात बोट भाड्याने घेताय? आधी काठावर थोडं थांबा

महाबळेश्वरच्या वेण्णा लेकच्या तिकीट खिडकीवर बहुतेक लोक दोनच गोष्टी विचारतात: अर्ध्या तासाचे किती, आणि फोटोला थांबवणार का. बोटीत किती माणसं बसतात, हे क्वचितच कुणी विचारतं. आणि बोटवाला गर्दीच्या दिवशी स्वतःहून ‘नाही’ म्हणेल, ही अपेक्षा ठेवू नका. नकार द्यायचा तो आपणच, आणि तोही धक्क्यावर उभं असताना.

बोट निवडताना

स्वतः चालवायची हौस असेल तर वेण्णासारखा छोटा तलाव आणि पेडलची किंवा वल्ह्याची बोट घ्या. धरणाचा फुगवटा हे वेगळं प्रकरण आहे. तापोळा, बामणोलीला कोयनेच्या शिवसागर जलाशयात चालकासह मोटारबोटी मिळतात, त्याच घ्याव्यात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांची खोडं पृष्ठभागाजवळ येतात, मध्येच मासेमारीची जाळी लावलेली असतात. ती कुठे आहेत, ते तिथल्या माणसालाच ठाऊक. बामणोलीहून वासोटा किल्ल्यावर जायचं तर तो कोयना अभयारण्याचा भाग आहे. बोट ठरवण्याआधी वनखात्याची परवानगी घ्या आणि अंधाराच्या आत परत यायचं या हिशेबाने सकाळीच निघा.

मोटारबोटीला अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार नोंदणी आणि तपासणीचा दाखला लागतो. नोंदणी क्रमांक आणि प्रवासीक्षमता बोटीवर रंगवलेली आहे का, ते बघा. नसेल तर सरळ विचारा. उत्तर देताना बोटवाला चिडला, तर तेही एक उत्तरच.

माणसं मोजा

१८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १४ जण गेले, त्यांत १२ शाळकरी मुलं. बोटीत क्षमतेपेक्षा खूप जास्त माणसं होती आणि बहुतेकांच्या अंगावर लाईफ जॅकेट नव्हतं. तो तलाव शहरातला होता, काठ डोळ्यांसमोर होता.

म्हणून ‘थोडं सरकून घ्या’ सुरू झालं की उतरा. मांडीवरचं मूलही माणसांत मोजायचं. सगळे बसल्यावर बोटीची कड पाण्याच्या किती वर राहते, तेही पाहा. जेमतेम वीतभर उरत असेल, तर शेजारून गेलेल्या मोटारबोटीची एक लाटही आत येईल.

जॅकेट नीट बांधा

इथे सगळ्यात जास्त चालढकल होते. जॅकेट ओलं असतं, वास येतो, फोटोत बरं दिसत नाही. तरीही पोहता येणाऱ्यानेसुद्धा घालायचं, कारण पाण्यात पडताना डोकं बोटीच्या कडेवर आपटलं तर पोहणं उपयोगी पडत नाही. आधी बक्कल लावून बघा. तुटलेलं असेल तर दुसरं मागा. पट्टे आवळा. मग दुसऱ्या कुणाला तरी खांद्यापाशी धरून जॅकेट वर ओढायला सांगा. ते हनुवटीवर किंवा कानांपर्यंत सरकलं, तर पाण्यात माणूस खाली आणि जॅकेट वर अशी गत होईल. मुलांना मोठ्यांचं जॅकेट कधीच चालत नाही. त्यांच्या मापाचं आणि पायांमधून जाणारा पट्टा असलेलं मिळालं तरच त्यांना न्या. नसेल मिळत, तर मुलांसाठी काठावर कणीस आणि घोडा आहेच.

आभाळ बघा

एप्रिल-मे महिन्यांत बोटिंग सकाळी उरका. दुपारनंतर वळवाचं आभाळ भरतं आणि पाऊस यायच्या आधी वारा येतो. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनी जलाशयात कुगाव आणि कळाशी यांच्यामधली प्रवासी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली; सहा जण बुडाले. लांबवर धूळ उठताना दिसली, पाण्याचा रंग काळपट झाला किंवा वीज चमकली, तर पैसे वसूल व्हायची वाट न बघता फिरा.

बोटीत

एकेकाने चढायचं. पाय कडेवर नाही, मधोमध ठेवायचा, वाकून आत यायचं आणि लगेच बसायचं. वजन दोन्ही बाजूंना सारखं वाटून घ्या. एकदा निघालात की जागा बदलणं बंद. सेल्फीसाठी सगळे एका बाजूला झुकले की छोटी बोट तिथेच कलते. दारू प्यायलेल्या माणसाला, तो कितीही जवळचा असला तरी, काठावरच बसवा.

सुरुवातीला वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर परतताना वारा मदतीला असेल. पेडल बोट हलकी आणि उंच असते, वाऱ्याने सहज वाहवते. उलट करणाऱ्यांना हे अर्धा तास संपत आला की कळतं. वल्हवताना आपली पाठ पुढे असते. उजव्या हाताचं वल्हं ओढलं की बोटीचं नाक आपल्या डाव्या हाताकडे वळतं. पहिली काही मिनिटं गोंधळ होणारच, तो मोकळ्या पाण्यात होऊ द्या.

समोरासमोर आलात तर दोघांनीही आपापल्या उजवीकडे व्हायचं. मोटारबोटीने वल्ह्याच्या बोटीला वाट द्यावी असा शिरस्ता आहे, पण समोरचा तो पाळेलच असं धरू नका. धरणाची भिंत, दरवाजे आणि सांडवा यांपासून लांब राहा. जलपर्णीत शिरू नका.

बोट उलटली तर

बोट सोडू नका. पेडलच्या आणि लाकडी बोटी उलट्या होऊनही बहुधा तरंगत राहतात. काठ दिसतो त्यापेक्षा लांब असतो, शिवाय भिजलेले कपडे जड होतात. कडेला धरून सगळ्यांना एका ठिकाणी गोळा करा, माणसं मोजा आणि हात हलवून ओरडा. दुसऱ्या बोटीतून मदत करत असाल, तर पाण्यात उडी घेण्याआधी दोर, वल्हं किंवा जास्तीचं जॅकेट फेका. जवळ जाताना इंजिन बंद असलं पाहिजे, पंखा फिरत असताना माणसाला वर ओढू नये.

परत येताना

धक्का हाताच्या अंतरावर आला की लोक उभे राहतात आणि उडी मारतात. त्या उडीने बोट मागे सरकते आणि पाय मधल्या फटीत जातो. दोर बांधून होईपर्यंत बसून राहा, मुलांना आधी उतरवा, आणि जॅकेट धक्क्यावर पाय टेकल्यावरच काढा. अनामत दिलेली असेल, तर ती घ्यायला विसरू नका.