निकस जमिनीत भाजीपाला पिकवताना

बी वेळेवर टोकले, पाणीही नेमाने दिले, तरी रोपे वीतभर वाढून पिवळी पडू लागली की बहुतेक जण खताच्या पोत्याकडे वळतात. माझा आग्रह असा की आधी मातीची घडण तपासावी. कारण निकस जमिनीत अन्नद्रव्यांची कमतरता असते हे खरे असले, तरी मुळांशी हवा खेळत नाही आणि पाणी एकतर थांबत नाही किंवा हटत नाही, हा दोष पुष्कळदा अधिक मोठा असतो. घराच्या बांधकामानंतर उरलेल्या जागेत तर वरची सुपीक माती खाली गाडली जाऊन मुरूम आणि राडारोडा वर आलेला आढळतो.

तपासणीसाठी मूठभर माती ओलसर करून मळावी आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये दाबत तिची पट्टी काढावी. बोटांना खरखर लागून पट्टी लगेच तुटली तर माती रेताड समजावी. पाच सेंटिमीटरहून लांब, गुळगुळीत पट्टी निघाली तर ती चिकण आहे. त्यानंतर 30 सेंटिमीटर खोल खड्डा पाण्याने भरावा, ते जिरल्यावर पुन्हा भरावा आणि पातळी तासाभरात किती उतरते ते मोजपट्टीने मोजावे. दोन ते पाच सेंटिमीटर उतरल्यास निचरा समाधानकारक असतो. कोरड्या मातीवर व्हिनेगर टाकताच ती फसफसली तर तिच्यात मोकळा चुना आहे. अशा जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही आणि शिरा हिरव्या राहून कोवळी पाने पिवळी पडतात.

चिकण माती भुसभुशीत व्हावी म्हणून तिच्यात थोडी वाळू मिसळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये, कारण थोड्या वाळूने अशी माती वाळल्यावर आणखी घट्ट बसते. चिकण आणि रेताड अशा दोन्ही मातींवर इलाज एकच आहे, आणि तो म्हणजे पूर्ण कुजलेले सेंद्रिय खत. त्यावर जगणारे सूक्ष्मजीव आणि गांडुळे बारीक कणांचे रवाळ खडे बनवतात, तर वाळूच्या कणांमध्ये हेच खत ओल धरून ठेवते.

खताचे प्रमाण मात्र मन मोठे करून ठेवावे लागते. पहिल्या वर्षी पाच सेंटिमीटर जाडीचा थर पसरून तो वरच्या 15 सेंटिमीटर मातीत मिसळावा. म्हणजे एका चौरस मीटरला सुमारे 50 लिटर कंपोस्ट लागते. म्हणूनच सगळे अंगण एकदम खणायला न घेता सव्वा मीटर रुंद आणि तीन मीटर लांब असा एकच वाफा नीट तयार करावा. एवढ्या रुंदीत दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोहोचतो, त्यामुळे वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. पाणी साचणाऱ्या जागी 20 ते 25 सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करावा. मशागत नेहमी वाफशावरच, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी ओलसर असतानाच, करावी. चिखलात कुदळ चालवली तर ढेकळे दगडासारखी होतात.

कंपोस्ट घरी करायचे असल्यास वाळलेल्या पानांचे तीन भाग आणि ओल्या हिरव्या कचऱ्याचा एक भाग घेऊन मीटरभर उंचीचा ढीग रचावा आणि दर पंधरवड्याला तो खालीवर करावा. मुठीत दाबल्यावर एखाददुसरा थेंब निघावा इतकीच ओल असावी. ओल्या मातीचा वास येऊ लागला आणि मूळचा पालापाचोळा ओळखू येईनासा झाला की खत तयार झाले. ताजे शेण मात्र वापरू नये. त्याने मुळे करपतात, शिवाय त्यातून तणाचे बी आणि मुळे खाणारी हुमणी ही अळीही येते. लाकडाचा कच्चा भुसा मातीत मिसळल्यास तो कुजताना नत्र (नायट्रोजन) ओढून घेतो. तो फक्त वरून पसरावा.

पहिल्या हंगामात चवळी, गवार किंवा घेवडा लावावा. फुलोऱ्याच्या वेळी एखादे रोप मातीसकट हळूच उपसून मुळांवरची गाठ नखाने फोडून पाहावी: आत गुलाबी रंग दिसला तर हवेतील नत्र स्थिर करण्याचे काम चालू आहे. शेंगा संपल्यावर झाडे जमिनीलगत कापावीत आणि मुळे तशीच कुजू द्यावीत. भोपळा आणि दोडका यांना सगळी जमीन सुधारण्याची गरज नसते. हातभर रुंद आणि तितकाच खोल खड्डा खतमातीने भरला की वेल भागवून घेतो. कोबी, फ्लॉवर यांची भूक मोठी असल्याने त्यांची घाई करू नये, आणि दगडगोटे वेचून होईपर्यंत गाजरही लावू नये, कारण अडथळ्यापाशी त्याला फाटे फुटतात.

उघडी माती कधीच ठेवू नये. पाच ते आठ सेंटिमीटर पालापाचोळ्याचे आच्छादन करावे, पण ते खोडाला टेकू देऊ नये. दुसऱ्या वर्षापासून दोन-तीन सेंटिमीटर कंपोस्ट पुरते.

त्याआधी एकदा माती प्रयोगशाळेत द्यावी. आठ-दहा ठिकाणची 15 सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती एकत्र करून सावलीत वाळवावी आणि त्यातील अर्धा किलो पाठवावी. सामू (पीएच, म्हणजे मातीचा आम्ल-विम्लपणा) 6 ते 7 असल्यास बहुतेक भाज्यांना मानवतो. शेणखत वर्षानुवर्षे टाकलेल्या वाफ्यात स्फुरद (फॉस्फरस) गरजेहून जास्त साठलेले असू शकते. अहवालात तसे दिसले तर त्या वर्षी शेणखत थांबवावे, ताग पेरावा आणि तो फुलावर येताच कापून तिथेच गाडावा; दोन-तीन आठवडे कुजू दिल्यावर पुढची लागवड करता येते.