टॅरंट्युलाची वीण: या चुका टाळा

टॅरंट्युलाची, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्यांची, जोडी लावायची म्हटलं की सगळ्यांचं लक्ष नर आणि मादी समोरासमोर येतात त्या काही मिनिटांकडे असतं. वीण फसते ती मात्र बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी किंवा नंतर. मादीने कात कधी टाकली याची नोंद नसते, ती पुरेशी खाल्लेली नसते, आणि कोकून (अंड्यांची रेशमी पिशवी) धरल्यावर तिचा डबा दिवसातून चारदा उघडला जातो.

कातीची तारीख न लिहिणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नराकडून मिळालेले शुक्राणू मादी पोटातल्या एका पिशवीत साठवते आणि अंडी घालताना वापरते. या पिशवीचं अस्तर कातीचाच भाग असतं. मिलनानंतर अंडी घालण्याआधी तिने कात टाकली, तर साठवलेले शुक्राणूही कातीबरोबर बाहेर पडतात आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. प्रौढ मादी वर्षातून एकदा, कधी त्याहूनही कमी वेळा कात टाकते. म्हणून जोडी कात टाकल्यानंतर लवकरात लवकर लावावी. पण सुळे काळे आणि कडक होऊन ती नीट खायला लागेपर्यंत थांबावंच लागतं. मादी खायचं सोडते, पोटावरची केस गेलेली जागा काळपट पडते, तेव्हा ती कातीला आली आहे. त्या वेळी नर सोडण्यात काहीच अर्थ नाही.

कात फेकूनही देऊ नका. ती मऊ असतानाच पोटाकडचा भाग साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून हलकेच उलगडा. आतून फुप्फुसांचे चार पांढरे ठिपके दिसतात. पुढच्या दोघांच्या मध्ये शुक्राणूंच्या पिशवीची घडी असेल तर ती मादी. रंगावरून किंवा पोटाच्या आकारावरून केलेला अंदाज अनेकदा चुकतो, आणि मग दोन माद्या एका डब्यात येतात.

नर तयार नसताना घाई

शेवटची कात टाकल्यावर नराच्या तोंडाजवळच्या स्पर्शपादांची टोकं बॉक्सिंगच्या ग्लोव्हजसारखी फुगलेली दिसतात. अनेक जातींत पुढच्या पायांवर आकडेही (हुक) येतात, पण पोसिलोथेरिया किंवा थेराफोसा या गटांतल्या नरांना ते नसतात. आकडे दिसत नाहीत म्हणून नर कच्चा ठरवू नका. पक्व झाला म्हणजे लगेच कामाचा झाला असंही नाही. तो आधी छोटं जाळं विणतो, त्यावर शुक्राणूंचा थेंब सोडतो आणि स्पर्शपादांत भरून घेतो. हे रात्री होतं आणि जाळं तो बऱ्याचदा मोडून टाकतो, त्यामुळे दिसलं नाही तर काही आठवडे थांबून मग जोडी लावावी. फार उशीरही नको. पक्व नर बहुतेक जातींत काही महिने ते वर्ष-दीड वर्षच जगतो, आणि म्हातारपणी त्याचा उपयोग कमी होत जातो.

एकाच कोकूनमधले नर बहिणींच्या आधी पक्व होतात. दोघं एका वेळी तयार व्हावेत म्हणून काही पाळणारे नराला थोडं गार आणि कमी खाण्यावर ठेवतात, मादीला उबेत आणि भरपूर खाण्यावर. वेगळ्या वंशातला नर मिळत असेल तर तोच उत्तम.

मिलनाच्या वेळी

मादीला आदल्या काही दिवसांत पोटभर खाऊ घाला. भुकेली मादी नराला भक्ष्यच समजते. नराला मादीच्या डब्यात सोडायचं, मादीला त्याच्याकडे न्यायचं नाही. जाळीदार झाकणाच्या छोट्या डब्यात घालून तो दोन-तीन दिवस तिच्या डब्यातच ठेवला, तर तिला त्याच्या अस्तित्वाची सवय होते.

नर पाय थरथरवतो, जमिनीवर टकटक करतो. मादीने उत्तरादाखल टकटक केली तर फारच चांगलं. पुढे तो तिला वर उचलून धरतो. खरा धोका त्यानंतर असतो, तो सुटून पळतो तेव्हा. हातात लांब दांड्याचा मऊ ब्रश आणि प्लॅस्टिकचा सपाट तुकडा असू द्या. दोघांच्या मध्ये तुकडा सरकवायचा, ओढाताण करायची नाही. तोंड जवळ नेऊन फुंकरही मारू नका, श्वासाने ते बिथरतात. नर बीळ सोडून पळत असेल किंवा मादी सुळे उगारून अंगावर येत असेल, तर त्या दिवशी थांबा आणि आठवड्याभराने पुन्हा बघा.

उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच जाती पोटावरचे खाजरे केस उडवतात. डोळ्यात गेले तर प्रकरण गंभीर होतं, म्हणून चष्मा घाला. आशिया आणि आफ्रिकेतल्या जातींना असे केस नसतात, पण त्या वेगवान असतात आणि चावा जास्त त्रासदायक असतो. पोसिलोथेरियाच्या चाव्याने स्नायूंत अनेक दिवस पेटके येऊ शकतात. त्यांना हातात घेऊच नका.

कोकून खाल्लं, बुरशी आली

मिलनानंतर कोकून यायला काही आठवड्यांपासून कित्येक महिने लागतात. आल्यावर मादी ते स्वतः फिरवते, उब आणि ओलावा बघून जागा बदलते. अशा वेळी डबा हलवणं, उजेड पाडणं, सारखं डोकावणं यांनी ती अस्वस्थ होऊन कोकून खाते. अंडी फलित नसली तरीही खाते, त्यामुळे प्रत्येक वेळी दोष तुमचाच असेल असं नाही. पाण्याची वाटी भरलेली ठेवा, मातीचा एक कोपरा ओलसर ठेवा, फवारणी करत बसू नका. जास्त ओल आणि उरलेलं भक्ष्य यांमुळे बुरशी आणि फोरिड नावाच्या बारीक माश्या येतात. या माश्यांच्या अळ्या कोकूनही संपवू शकतात.

साधारण महिन्याभराने कोकून काढून घेण्याची पद्धत आहे. स्वभावाने शांत जातही या काळात हल्ला करते. मादीवर पारदर्शक पेला ठेवून कोकून लांब चिमट्याने काढा, तोंडातून ओढू नका. अंडी ताणून बसवलेल्या कापडाच्या झोळीत ठेवा, खाली ओला कागद, तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस. पाय फुटेपर्यंत ती दिवसातून काही वेळा हलकेच फिरवायची. काळी पडलेली, सुरकुतलेली अंडी लगेच काढा. झाकणावरून थेंब पडू देऊ नका.

पिल्लांचं काय करायचं, हे आधी न ठरवणं

लॅसिओडोरा पॅराहायबाना या जातीच्या एका कोकूनमधून हजाराहून जास्त पिल्लं निघू शकतात. खायला लागली की ती एकमेकांनाही खातात, म्हणजे प्रत्येकाला वेगळी डबी, हवेची भोकं आणि थोडी ओलसर माती हवी. पहिल्या टप्प्यातली पांढुरकी पिल्लं खात नाहीत, त्यांना भक्ष्य देऊ नका. पुढची कात टाकल्यावर पंखहीन फळमाशी किंवा मारलेल्या मीलवर्मचा (खाद्य म्हणून मिळणाऱ्या अळीचा) तुकडा चालतो. न खाल्लेला जिवंत रातकिडा डबीत राहू देऊ नका, कात टाकणाऱ्या पिल्लाला तो कुरतडतो.

जात नक्की माहीत नसेल तर जोडी लावूच नका. लाल गुडघ्याचा ब्रॅकिपेल्मा हॅमोराय आणि ब्रॅकिपेल्मा स्मिथाय हे वेगळे आहेत हे २०१७ मधल्या अभ्यासाने स्पष्ट झालं. त्याआधी हॅमोरायची बरीच पिल्लं स्मिथाय म्हणून फिरत होती. संकरित पिल्लं वंशात मिसळली की ती पुन्हा वेगळी काढता येत नाहीत. ब्रॅकिपेल्मा आणि २०१९ च्या सायटीस परिषदेपासून पोसिलोथेरिया हे दोन्ही जीनस (जवळच्या जातींचे गट) सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये आहेत. त्यामुळे ही पिल्लं देशाबाहेर पाठवताना परवाना लागतो, आणि आपल्या देशात ती बाळगायला आणि विकायला काय नियम आहेत ते जोडी लावण्याआधीच पाहायला हवं. प्रत्येक डबीवर शास्त्रीय नाव, कोकूनची तारीख आणि आई-वडील कुठून आले ते लिहा.