पायाची जुनी जखम आणि जंतुरोधक पट्ट्या: या चुका टाळा

“सिस्टर, चांदीची पट्टी चांगली की मधाची?” रत्नागिरी जिल्ह्यातल्या ज्या दवाखान्यात मी मलमपट्टीच्या खोलीत काम करते, तिथे घोट्याजवळची जखम घेऊन येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमेबाबत होणारी सर्वांत मोठी चूक याच प्रश्नात आहे, कारण जखम का झाली हे ठरण्याआधीच पट्ट्यांची तुलना सुरू होते आणि घरातले पैसे त्या तुलनेतच संपतात.

पोटरीच्या खालच्या भागातली, विशेषतः आतल्या घोट्याच्या वरची, उथळ आणि सतत लस गाळणारी जखम, जिच्या भोवतीची कातडी काळपट तांबूस आणि टणक झालेली असते, ती बहुतेक वेळा अशुद्ध रक्ताच्या शिरांची जखम असते. शिरांमधल्या झडपा निकामी झाल्यामुळे रक्त खाली साचते, पाय सुजतो आणि कातडीला पोषण मिळत नाही. मासळीबाजारात तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या बायकांमध्ये अशा जखमा मी पुष्कळ पाहते. त्यांवरचा मूळ उपचार म्हणजे दाब देणारी पट्टी; जंतुरोधक पट्टीचे स्थान त्यानंतरचे आहे. याउलट बोटांच्या टोकांवर किंवा टाचेवर असलेली, कोरडी आणि फार दुखणारी जखम, जिच्यात पाय गार लागतो आणि रात्री पाय खाटेखाली सोडल्यावर बरे वाटते, ती शुद्ध रक्ताचा पुरवठा कमी पडल्याची खूण असू शकते, आणि तिथे घट्ट पट्टी बांधल्यास पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणून दाबपट्टीपूर्वी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून, घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागून त्यांचे गुणोत्तर काढून घ्यावे. ते 0.8 पेक्षा कमी असेल तर तज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय पूर्ण दाब देऊ नये. मधुमेह असलेल्यांच्या धमन्या कडक झाल्यामुळे हा आकडा खोटाच चांगला दिसू शकतो, हे विशेष लक्षात ठेवावे.

चांदी आणि मध यांच्याबद्दल लोकांचा विश्वास मोठा आहे, त्यामुळे इथे थोडे सविस्तर लिहिते. ब्रिटनमध्ये 213 रुग्णांवर झालेल्या आणि 2009 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दाबपट्टी सर्वांनाच दिलेली असताना, चांदीच्या आणि साध्या पट्ट्यांमध्ये 12 आठवड्यांत जखम भरण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. न्यूझीलंडमध्ये 368 रुग्णांवर झालेल्या आणि 2008 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मधाच्या पट्टीचाही तसा फायदा दिसला नाही, उलट मधाच्या गटात वेदनेसारख्या तक्रारी जास्त होत्या. याचा अर्थ या पट्ट्या निरुपयोगी आहेत असा नव्हे. जखमेत जंतू वाढल्याची चिन्हे, म्हणजे वाढती वेदना, दुर्गंधी, पू आणि सहज रक्त येणारे लाल मांस, दिसत असतील तेव्हा त्यांचा उपयोग आहे. स्वच्छ जखमेवर महागडी चांदी ठेवून ती लवकर भरत नाही. लाली भोवती पसरत असेल किंवा ताप येत असेल, तर मात्र कोणत्याही पट्टीवर विसंबून न राहता डॉक्टरांना दाखवून पोटात घ्यायच्या प्रतिजैविकाचा निर्णय त्याच दिवशी घ्यावा.

जंतुरोधक पट्टी सुरू केली की साधारण दोन आठवड्यांनी फेरविचार करावा, हे बहुतेक जण विसरतात आणि तीच पट्टी चार-चार महिने चालू राहते. काही चांदीच्या पट्ट्या सलाईनने ओल्या केल्यास त्यांचा गुण कमी होतो, म्हणून त्या निर्जंतुक पाण्याने भिजवायच्या असतात. वेष्टनावरची सूचना वाचावी. दाण्यांच्या किंवा मलमाच्या रूपात मिळणारे कॅडेक्सोमर आयोडीन लस शोषते आणि हळूहळू आयोडीन सोडते, त्यामुळे पिवळट चिकट थर असलेल्या ओल्या जखमेला ते योग्य आहे. त्याचा तपकिरी रंग जाऊन ते पांढरे पडले, की बदलण्याची वेळ झाली. थायरॉइडचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी आयोडीन स्वतःच्या मनाने लावू नये. मधाबाबत एवढेच सांगते, की पट्टीसाठीचा मध निर्जंतुक केलेला असतो. रानातून आणलेला मध कितीही शुद्ध असला, तरी त्यात जीवाणूंचे बीजाणू असू शकतात.

जखमेवर प्रतिजैविक पावडर शिंपडण्याची सवय तर घरोघरी आहे. पावडरची कडक खपली बनते, खाली लस अडकते आणि निओमायसिनसारख्या औषधाची ॲलर्जी जडते. जखमेभोवती खाज, पुरळ आणि लाली आली की लोक तो संसर्ग समजून आणखी पावडर टाकतात. खाज जास्त आणि वेदना कमी असेल, तर ॲलर्जीचा संशय आधी घ्यावा. हळद, चुना किंवा दगडीपाल्याचा लगदाही उघड्या जखमेत भरू नये.

पावसाळ्यात आमच्याकडे वेगळीच अडचण उभी राहते. दमट हवेत पट्टी सुकत नाही, कडा पांढऱ्या आणि फुगीर होतात, आणि रुग्ण म्हणतो की औषध लागू पडत नाही. खरे तर लस जास्त आहे आणि पट्टी कमी शोषणारी आहे. शोषक थर वाढवावा, पट्टी लवकर बदलावी आणि भोवतीच्या कातडीला झिंक ऑक्साइडचे मलम लावावे. भाताच्या लावणीत उघड्या जखमेने चिखलात उतरणे तर टाळलेच पाहिजे, कारण लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच जखमेतून शिरतात. उतरणे अटळ असेल, तर गुडघ्यापर्यंतचे बूट घालावेत आणि प्रतिबंधक गोळ्यांबद्दल आरोग्य केंद्रात आधी विचारून घ्यावे.

साधे क्रेप बँडेज घोट्यापासून सुरू करून पोटरीच्या मध्यावर सोडून देणे ही बांधण्यातली नेहमीची चूक आहे. पट्टी बोटांच्या मुळापासून टाच झाकत गुडघ्याच्या खालपर्यंत जावी, घोट्याशी दाब अधिक आणि वर जाताना कमी असावा. पूर्ण दाब म्हणजे घोट्याशी सुमारे 40 मिलिमीटर पारा. बोटे निळी पडली किंवा बधिर झाली तर लगेच सोडावी.

दर आठवड्याला जखमेची लांबी-रुंदी वहीत लिहून ठेवावी. चार आठवड्यांत ती लक्षणीय लहान झाली नाही, तर पट्टीची कंपनी बदलण्याऐवजी शिरांची डॉपलर तपासणी (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी) करून घ्यावी, कारण सदोष शीर लवकर बंद केल्यास जखम लवकर भरते, असे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत दिसले आहे. वर्षानुवर्षे जुन्या जखमेच्या कडा उंचावल्या, मांस फुलकोबीसारखे वाढू लागले किंवा वास अचानक बदलला, तर तुकडा काढून तपासायला पाठवावा. अशा जखमेत क्वचित कर्करोग असतो, आणि तो असेल तर चांदी, मध किंवा आयोडीन लावण्यात गेलेला प्रत्येक महिना रुग्णाच्या विरोधात जातो.